साहेबाचे आरसे आणि आमची बैठक

आमच्या फुलचूरच्या घरात भिंतीवर तीन जुने आरसे होते आणि तिन्ही मी लावले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे नातेवाइकांत असं पसरलं की ती सगळी हौस बाबूजींची. धानाच्या व्यापारात चार पैसे दिसले आणि माणसाला साहेबी सुचली, असं लोक म्हणत. बाबूजींना भिंतीवर काय आहे हे विचारलं असतं तर त्यांनी फार तर कॅलेंडर सांगितलं असतं. आरसे माझे होते, आणि त्यांच्यापायी ज्या शिव्या पडल्या त्याही माझ्याच.

ते आले रेल्वे कॉलनीतून. देश स्वतंत्र झाला तसे गोंदिया जंक्शनवरचे गोरे साहेब एकेक करून बिऱ्हाड मोडू लागले. पलंग, टेबलं, जाळीची कपाटं हातोहात गेली. आरशांना मात्र गिऱ्हाईक मिळेना. दुसऱ्याचा वापरलेला आरसा घरात आणू नये असं आमच्याकडे मानत. त्यात त्या घरच्यांची नजर राहते म्हणे. बाबूजींनी एका गार्डसाहेबाकडून दुकानासाठी टेबल घेतलं, तेव्हा मीही बैलगाडीत बसून गेले होते. आरशांपुढून मी हलेना, तशी साहेबाची मडम हसली आणि तिन्ही आरसे तिनं गाडीत ठेवायला सांगितले.

दारातच आत्या आडवी आली. आत्या म्हणजे बाबूजींची थोरली बहीण. ती विधवा होती, आमच्याकडेच राहायची आणि घर तिच्या तोंडानं चालायचं.

"परक्याची नजर घरात कायले आनून राहिला रे?"

"नजर असंन त असू दे आत्या," मी म्हटलं, "उजेड त येईन."

उजेडाची आम्हाला खरोखरच गरज होती. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूचं छप्पर, बैठकीला पश्चिमेकडे एक दार आणि नावाला एक खिडकी. भर दुपारी आत आलेला माणूस ओळखायचा तर त्याला बोलायला लावावं लागे. मी सगळ्यांत मोठा आरसा, कोरीव लाकडाच्या चौकटीचा, दारासमोरच्या भिंतीवर टांगला. त्या दिवशी अंगणातलं ऊन पहिल्यांदा आमच्या बैठकीत येऊन बसलं. गोल आरसा भिंतीतल्या देवळीत मागे बसवला आणि त्याच्यापुढे पेल्यात झेंडू ठेवला, म्हणजे मूठभर फुलं ओंजळभर दिसत. मोठा आरसा मी भिंतीला चिकटवून लावला नव्हता. मडमेच्या घरी पाहिलं होतं, वरची कड दोरीवर पुढे झुकलेली असते, मग खाली बसलेल्या माणसालाही खोली दिसते. बाबूजी म्हणाले, पडेल. नाही पडला.

तिसऱ्याचं मात्र आत्यानं वाटोळं केलं. जुन्या आरशात काळे ठिपके येतात. ते काचेवर नसतात, मागच्या कल्हईत असतात. आत्याला हे कोण सांगणार? दिवाळीची भांडी विहिरीवर निघाली तसा तिनं आरसाही नेला. पुढून घासून ठिपके जाईनात, म्हणून तो पालथा घातला आणि चिंच, राख लावून मागून घासला. अगदी मन लावून घासला. ठिपके गेले आणि त्यांच्याबरोबर आरसाही गेला. चौकटीतून पलीकडची आत्या लख्ख दिसत होती आणि ती मलाच म्हणाली, "पाय, कसा साफ निंगाला!" मी त्या काचेमागे मायच्या फाटक्या शालूचा जरीकाठ लावला आणि तोही भिंतीवर चढवला. हवं ते बोलून घ्या, पण उतरवणार नाही.

मग मला स्थळं येऊ लागली.

मुलगी पाहायची तर आमच्याकडे तिचा पाट पूर्वेला तोंड करून मांडत. पाहुणे दाराकडच्या सतरंजीवर, तिच्या मागच्या बाजूला थोडे तिरके बसत. त्यांनी तिला हवं तसं न्याहाळायचं, तिनं पायाच्या अंगठ्याकडे पाहायचं. मुलानं स्वतः यायचं ही नवी टूम तेव्हा निघाली होती. त्याला पाहण्याची मोकळीक होती, मला नव्हती. ज्याच्या घरी जन्म काढायचा त्याचं तोंड मी अक्षता पडल्यावर पाहायचं, आणि तेही कोणी पाहू दिलं तर. हे मला मुळीच मान्य नव्हतं. पूर्वेच्या भिंतीवर माझा आरसा होताच. मी तो हातभर खाली घेतला आणि मागे लाकडाचा तुकडा खोचून अजून थोडा झुकवला.

पहिलं स्थळ सौंदडकडचं होतं, पोटापुरतं नव्हे तर विकण्याइतकं धान पिकवणारं. मी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसले. मुलाच्या काकानं स्वयंपाकाचं विचारलं, भरतकामाचं विचारलं, मला उभं केलं, चालवलं, परत बसवलं. मी पदराआडून नजर जरा उचलली. आरशात मुलगा दिसला. नवा कडक सदरा, तेलानं चापून बसवलेले केस, गुडघ्यावर ठेवलेले मोठे पंजे. तो माझ्या वेणीकडे पाहत होता. मग त्याची नजर आरशावर गेली आणि तिथे माझे डोळे त्याला भेटले. पाहायला आलेला तो मुलगा लाजून खाली पाहू लागला! मला हसू दाबता येईना. काकानं पुतण्याकडे पाहिलं, मग आरशाकडे पाहिलं.

"अरे बाप रे! पोरगी त आरशातून पाहून राहिली!"

चहा अर्धा टाकून ते उठले. अशा नजरेची पोरगी आपल्या घरात चालणार नाही, हे काकानं अंगणात उभं राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. आठवड्याच्या बाजारापर्यंत माझं नाव 'आरशेवाली' पडलं होतं.

आत्यानं घर डोक्यावर घेतलं. बाबूजी कमी बोलणारे. त्यांनी मोठा आरसा काढला आणि धानाच्या कोठीत पोत्यांमागे नेऊन ठेवला. बैठक पुन्हा अंधारी झाली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबूजी, तुमी बाजारात बैल घेता तवा बैलबी तुमाले पाह्यते. त्याचे डोळे कोनी बांधत नाई."

"तू बैल हायेस का?" आत्या मधेच म्हणाली.

"बैल असती त बरं झालं असतं. आरसा लावल्याबिगर मी पाटावर बसत नाई. उचलून बसवा, मी उठून जाईन."

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण मागे सरायचं नाही हे ठरलं होतं, मग जन्मभर माहेरी दळण दळावं लागलं तरी बेहत्तर.

माय या सगळ्यात कुठे नव्हती. ती कधीच कुठे नसायची, चुलीपाशी असायची. दोन-तीन दिवसांनी मी अंगणात धान वाळत घालत होते, तेव्हा ती कोठीतून एकटीच तो जड आरसा छातीशी धरून बाहेर आली. ओट्यावर बसून त्यावरचा कोंडा पदरानं पुसू लागली.

"काय करून राहिली वो?" आत्या गरजली.

मायनं हात थांबवला नाही. "बाई, माह्या लग्नात अंतरपाट खाली गेला तवाबी माही मान खालीच होती. कोनी वर करू देल्ली नाई. मंग घरी आल्यावर एक दिवस खळ्यात गेली. तिथं एक मानूस उघड्या अंगानं धान मोजून राहिला होता. मले वाटलं हमाल असंन. त्याले पानी देल्लं आन इचारलं, बाबा, आमचे मालक कुठी हायेत?"

मला हसू आलं आणि लगेच विरलं. त्या हमालाच्या घरात तिनं इतकी वर्षं काढली होती आणि हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबूजी दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत गेले, दगड घेऊन आले आणि खुंटी घट्ट ठोकू लागले.

पुढचं स्थळ कोहमाऱ्याकडचं, आमच्यासारखंच शेती आणि व्यापारवालं. आरशाची कीर्ती त्यांच्यापर्यंत गेलेली होती. सतरंजीवर बसता बसता मुलाचे वडील बाबूजींना हसत म्हणाले, "सेठ, पहले वो आईने पे कपड़ा डाल दो." सगळे हसले. बाबूजी घसा खाकरत राहिले.

तेवढ्यात माय स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर बैठकीत ती त्याआधी कधी आली नव्हती. डोक्यावर पदर होता, हाताला पीठ होतं.

"आरसा झाकनार नाई," ती म्हणाली. मग पाहुण्यांकडे न पाहता तिनं मला विचारलं, "दिसून राहिला का नीट?"

"अर्धाच दिसते, माय."

"मंग फिरून बस."

मी उठले. पाट उचलला, फिरवला आणि दाराकडे तोंड करून बसले. पदर मागे सारला आणि त्या मुलाकडे सरळ पाहिलं. सावळा होता, कानावर व्रण होता, घाम आला होता. त्यानं नजर वळवली नाही. त्याचे वडील काही म्हणणार तोच त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी सावकाश पाहिलं. कोणाच्याही सोयीसाठी घाई केली नाही.

"झालं पाहून?" मायनं विचारलं. "पसंत हाये का तुले?"

"हाये."

माय पाहुण्यांकडे वळली. पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आता तुमी सांगा."