दार लावल्यानंतरचं गाणं

माझी आत्या रंगूबाई नाशिकला शरणपूरच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण होती. ऐंशी मुलींना जेवायला बोलवायला तिला घंटा लागत नसे. तिचा तो आवाज वर्षातून एकदा नाताळच्या संगीत नाटकात गाजायचा. नाटकात बोलणं नाहीच, सगळं गाण्यात. आत्या त्यात उतारशाळेची, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेची, मालकीण. जागा नाही म्हणून ती मरिया-योसेफाला घालवून देते, धाडकन दार लावते आणि मग एकटीच गाते, "दार लावलं मी, झोप मात्र बाहेरच राहिली." वीस वर्षं ते गाणं तिचंच. दुसऱ्या कुणाला द्यायची गोष्ट काढायची कुणाची टाप नव्हती.

फक्त माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, ते कधी ऐकलं नव्हतं. वडील मनमाडला रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे. गाड्यांना कसला नाताळ! आई आणि मी दरवर्षी नाशिकला यायचो, वडील ड्युटीवर. आत्या हसण्यावारी न्यायची, पण तिला ते फार लागायचं.

१९८५ साली मुंबईहून टीव्हीवाले आले आणि नाटकाचं चित्रीकरण करून गेले. चोवीस डिसेंबरला संध्याकाळी दाखवणार होते. आत्याने कार्ड टाकलं, "सावळीराम, आता तरी ये." वडिलांनी पहिल्यांदाच नाताळची रजा काढली.

बोर्डिंगच्या जेवणघरात टीव्ही मांडला. घरी न गेलेल्या मुली, शेजारीपाजारी, पेटी वाजवणारे सहादूकाका, सगळे दाटीवाटीने बसले. वडील अगदी पुढे. पडद्यावर आत्या आली तशी मुलींनी टाळ्या पिटल्या. तिने दोघांना हाकललं, दार आपटलं. आणि लगेच रानातले मेंढपाळ!

गाणं कापलं होतं. वेळेत बसवायला असेल, कशालाही असेल, मला असा संताप आला की काय सांगू. वीस वर्षं ते गाणं गाणारी माझी आत्या नुसती दार आपटणारी कजाग बाई होऊन बसली होती.

"एवढंच का, अक्का?" वडिलांनी विचारलं.

आत्याने पदराला हात पुसले. उठली, टीव्हीजवळ गेली आणि आवाजाचं बटण पार बंद केलं. मेंढपाळ मुक्याने तोंडं हलवत राहिले. सहादूकाकांनी परात पालथी घालून ठेका धरला आणि आत्या गायली. सगळं गायली, एक कडवं सोडलं नाही. वडील मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "अक्का, लय वर्षं वाया घातली गं मी."

पुढे दर नाताळला टीव्हीवर तेच चित्रीकरण लागायचं. गाणं अर्थात नसायचंच. पण आमच्या जेवणघरात आता ते टीव्हीतून कुणाला नकोही होतं; दार आपटलं की आवाज बंद आणि आत्या स्वतः गायची. वडील गणपतीतच नाताळच्या रजेचा अर्ज देऊन मोकळे व्हायचे. बटण बंद करायचा मान त्यांचा, दुसऱ्या कुणी हात लावला तर डोळे वटारायचे.

अठ्ठ्याऐंशी साली सिन्नरहून आलेली एक नवी मुलगी घाबरून म्हणाली, "काका, टीव्ही बिघडला का?"

"बिघाड मघाशीच झाला, पोरी," वडील ताठ बसून म्हणाले. "आता माझी बहीण नीट करती. ऐक."