परीक्षेतून उठून गेलेली मावशी

दृढीकरणाची परीक्षा आम्ही लेखी करून टाकली याचा मला आजही राग येतो. ती लेखी करा असं सुचवणारी मीच होते, म्हणून जास्त येतो.

जिंतुरातली आमची मंडळी लहान, पस्तीस-चाळीस घरांची. आमच्यात नुसता बाप्तिस्मा होऊन प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायला, बसता येत नाही. त्याआधी दृढीकरण व्हावं लागतं. म्हणजे माणसाला विश्वास कळला आहे, तो ख्रिस्तात प्रौढ झाला आहे, हे पंच कमिटीनं तपासायचं आणि मग पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. पूर्वी हे तपासणं म्हणजे दोन प्रश्न, एक प्रार्थना आणि चहा. पण मी पडले हायस्कूलची मास्तरीण, त्यात कमिटीची चिटणीस. म्हटलं, जरा शिस्त आणू. तीस प्रश्नांची पुस्तिका काढली, वीस गुणांना पास ठरवलं. कमिटी इतकी खूश झाली की माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणारच. आमच्या बहुतेक घरांत दोन पिढ्यांमागं कुणाला सही करता येत नव्हती. शाळेनं आम्हाला वर काढलं. कुणी नर्स झालं, कुणी मास्तर, कुणी तहसिलीत कारकून. त्यामुळं परीक्षा म्हटली की आमची मान आपोआप लवते. देवाच्या दारातही गुणपत्रिका दाखवूनच आत जायचं, असं आम्हाला मनातून वाटत असतं. ज्या शिडीनं आपण वर आलो तिच्याच आडव्या काठ्या दुसऱ्याच्या दाराला लावायच्या, ही अक्कल आम्हालाच सुचू जाणे.

या दाराबाहेर राहिली ती मावशी. ती चारठाण्याकडच्या एका खेड्यातली. नवरा गेल्यावर जिंतुरात आली, एका दवाखान्यात झाडूपोछा करायला लागली, आणि साठीच्या आसपास तिनं बाप्तिस्मा घेतला, तोवर माझी पुस्तिका निघाली होती. तिला लिहितावाचता येत नाही. कुणाकडं मयत झालं की आंघोळ घालायला मावशी. कुणी बाळंत झालं की शेकशेगडीला मावशी. महिन्यातून एका रविवारी पाळकसाहेब परभणीहून एसटीनं येतात, तेव्हा प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या, फडक्यातून रस गाळायचा, आणि सगळं आटोपलं की काचेचे इवले पेले एकेक करून धुवायचे. हे काम तिनं नऊ वर्षं केलं. त्यातला एक घोट तिच्या ओठाला लागला नव्हता.

एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्हाला घ्यावंसं वाटत नाही का?"

"लय वाटतंय, बाई," ती म्हणाली. "पर प्रभूचं ताट हाय. बोलावल्याबिगर कसं बसावं?"

बोलावणं आमच्या हातात होतं, आणि आम्ही तिला कागद दिला होता. दोन वर्षं ती कॉलेजच्या पोरापोरींशेजारी बसली, पेन दोन बोटांत धरून तासभर कोऱ्या कागदाकडं बघत राहिली, आणि उठताना मला म्हणाली की कागद वाया घालवला. तिसऱ्या वर्षी मी कमिटीत आवाज चढवला. तोंडी घ्या म्हटलं. मुख्य पंच बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. ते म्हणाले, "एकाला सवलत दिली की सगळे मागतात." दोन तास घासाघीस झाली, तेव्हा कुठं ते कबूल झाले.

परीक्षा त्यांच्याच घरी ठरली. त्यांच्या आईला पक्षाघात झालेला. म्हातारी आतल्या खोलीत पडून असायची. पंचांची बायको मुलीच्या बाळंतपणाला नांदेडला गेलेली, त्यामुळं त्यांना घर सोडता येत नव्हतं. त्या महिनाभर म्हातारीचं सगळं कोण करत होतं? मावशी. सकाळी आणि संध्याकाळी, न सांगता, न बोलावता. हे कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी तिची प्रौढता तपासायला आम्ही पाच जण चिवड्याच्या बशा मांडीवर घेऊन बसलो होतो.

मावशी प्लास्टिकच्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. मी दोन महिने तिच्याकडून पुस्तिका तोंडपाठ करून घेतली होती. पहिली बारा-तेरा उत्तरं तिनं अडखळत का होईना, बरोबर दिली. मग मुख्य पंचांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "प्रौढ ख्रिस्ती माणसाची पाच लक्षणं सांगा."

"पयलं, नम्रता," मावशी म्हणाली. "दुसरं..."

तेवढ्यात आतून म्हातारीची हाक आली. पंच बसल्या जागेवरून म्हणाले, "आई, जरा थांब, काम चाललंय." पुन्हा हाक आली, आणि हाकेमागून वास आला. तो सगळ्यांनाच आला. एकानं नाकाला रुमाल लावला, दुसऱ्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. आईचा मुलगा पुस्तिकेचं पान शोधत बसला.

मावशी उठली. "आजीनं लुगडं खराब केलंय वाटतं. आलेच मी," म्हणाली आणि आत गेली.

आतून बादलीचा, पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर सोयाबीनच्या भावावर चर्चा झाली. अर्ध्या तासानं मावशी पदराला हात पुसत आली आणि पुन्हा खुर्चीच्या टोकावर बसली. मुख्य पंचांनी घड्याळाकडं पाहिलं. "परीक्षेतून असं उठून जात नसतात, मावशी. सगळ्यांचा वेळ जातो. आता पुढल्या वर्षी बघू." बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. तिच्या हातावर त्यांच्या आईला घातलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं, आणि हा माणूस तिला वेळेची किंमत सांगत होता.

आणि मी काय केलं? नोंदवहीत तिच्या नावापुढं 'अपूर्ण' लिहिलं. वर्गात चाळीस पोरांना एका नजरेनं गप्प बसवणारी मी, तिथं माझी वाचा बसली. भांडायचं तिथं भांडले नाही. घरी येऊन भांडी आपटली.

परतताना मावशी रस्त्यात म्हणाली, "बाई, ते दुसरं काय व्हतं ओ? अगदी तोंडावर आलं व्हतं."

दुसरं 'सेवा' होतं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हां, तेच की," आणि पुढं चालायला लागली. मला रडू यायला हवं होतं, पण मला नुसता संताप आला. त्या पुस्तिकेचा, त्या चौघांचा, माझ्या सुवाच्य अक्षराचा.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, तीन पोरांचं दृढीकरण झालं. त्यातल्या एकानं पाचही लक्षणं वचनांसकट घडाघडा म्हटली होती. त्याचा मोबाइल उपासनेत दोनदा वाजला. मुख्य पंच पेल्यांचं तबक घेऊन बाकांमधून फिरले. शेवटच्या बाकाशी आले तेव्हा मावशीनं स्वतःच गुडघे बाजूला घेतले, तबक पुढं जायला वाट करून दिली. ते तिच्याकडं न बघता गेले.

उपासनेनंतर आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन देतात. जुने पाळकसाहेब बदलून गेले होते; नवे पाळक तरुण होते, चौकशी करणारे. त्यांच्याबरोबर पंच आणि मी गीताचं पुस्तक घेऊन म्हातारीकडं गेलो. मावशी आमच्या आधीच तिथं पोचली होती. तिनं म्हातारीला उठवून बसवलं होतं, एक हात मानेखाली, एक छातीवर. म्हातारीचं तोंड एका बाजूला ओढलेलं, पण शब्द कळत होते. पाळकांनी पेला पुढं केला तसे तिनं ओठ मिटून घेतले. मग म्हणाली, "हिला द्या आदी."

"आई, तिचं दृढीकरण झालेलं नाही," पंच म्हणाले. "परीक्षा अपुरी राहिली."

"माझं हागणंमुतणं ही काढायलीय. तवा तू कसलं इम्तान घ्यायलास रे?"

पाळकांनी माझ्याकडं पाहिलं. मी जे घडलं ते सांगितलं, चिवड्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं, मावशीच्या डोक्यावर हात ठेवला, लहानशी प्रार्थना केली आणि दुसरा पेला भरला. पण मावशीला तो घेता येईना. हात काढले तर म्हातारी कोसळली असती.

पंच पुढं झाले. वाकले, पण हात कुठं घालायचा ते त्यांना कळेना. सख्ख्या आईला ते काचेची भांडी उचलावीत तसं चाचपत होते.

"मानेखाली घाला, सायेब," मावशी म्हणाली. "न्हाईतर दुखतंय त्यांला. हां, आसं."

त्यांनी धरलं. मावशीनं पदराला हात पुसले, दोन्ही हातांनी पेला घेतला आणि डोळे मिटून प्याली. त्यानंतर म्हातारीनं तोंड उघडलं.

मी गीताचं पुस्तक छातीशी धरून दारात उभी होते. त्या खोलीत सगळ्यात जास्त चिडलेली मीच होते, आणि त्या महिनाभरात म्हातारीला एकदाही हात न लावलेलीही.