सालोमी सिस्टरची रोझी

गिरीज गावच्या सालोमी सिस्टरने दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं केली. नुसता पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे की नीट, हे ती सांगायची. निवृत्तीनंतर केळीची छोटी वाडी आणि रोझी नावाची कुत्री, एवढाच तिचा संसार.

१९७९च्या उन्हाळ्यात बारा वर्षांच्या रोझीचं पोट सुटलं. शेजारची लुसी म्हणाली, "या वयात पिल्लं होणार काय हिला?" सालोमी हसली नाही. महिन्यापूर्वी आंघोळ घालतानाच डाव्या बरगडीखाली काहीतरी टणक तिच्या बोटांना लागलं होतं. चरबी असेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं. नोकरीत असताना तपासायला उशिरा येणाऱ्या बायकांना मात्र ती फाडफाड बोलायची.

एका सकाळी रोझी उठता उठता कोलमडली. हिरड्या पांढऱ्याफटक. सालोमीने तिला टांग्यातून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भालचंद्र राऊतांनी पोट चाचपलं, सुई घातली. सिरिंजमध्ये रक्त आलं.

"प्लीहेवर गाठ असावी, ती फुटून आत रक्त झिरपतंय. पोट उघडायला हवं. पण सिस्टर, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. कुत्रा कॉलेजात एकदाच उघडलाय. मुंबईला नेता?"

"वाटेतच जाईल ती. तुम्हीच करा. श्वासाकडे मी बघते."

भूल दिल्यावर ती रोझीच्या मांडीतली नाडी धरून उभी राहिली. डॉक्टरांनी एकेक रक्तवाहिनी बांधली आणि शहाळ्याएवढी गाठ प्लीहेसकट काढली. मग त्यांचा हात थांबला.

"यकृतावर ठिपके आहेत. वयाचे असतील, नाहीतर रोग पसरलाय. नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. शिवू, की इथेच कायमची झोपवू?"

आई की मूल, असे प्रश्न तिने बाळंतपणाच्या खोलीच्या दाराबाहेर उभ्या नवऱ्यांना विचारले होते. ते गप्प राहिले की तिला राग यायचा. आता तिचेच ओठ हलेनात. बोटांखाली नाडी चालू होती.

"शिवा," ती म्हणाली.

हात धुताना डॉक्टरांना तिने विचारलं, "महिनाभर आधी आणली असती तर?"

"सांगता येत नाही, सिस्टर."

आठवड्याने रोझी पेज खाऊ लागली, वाडीत फिरू लागली. सालोमीला मात्र चैन नव्हतं. पावसाळा सरता सरता बरगडीखाली पुन्हा गाठी लागल्या. त्याच दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पोट चाचपलं. "आता उघडून उपयोग नाही, सिस्टर."

नाताळच्या आधी रोझी गेली. नवऱ्याला खणायला पाठवते, असं लुसी म्हणाली; सालोमीने नको म्हटलं. केळीखाली तिने स्वतःच खड्डा खणला. दुपार कलली तरी ती तिथून उठली नव्हती.