‘ॲडजस्ट’ची कुळकथा

कार्तिकातल्या संध्याकाळी नोएडात सप्तपर्णीचा वास धुरकट हवेत मिसळून असा दाटतो, की खिडक्या लावल्या तरी तो घशाशी येऊन बसतो. दिल्लीकर त्याचं कौतुक करतात, मला तो गोड बोलून गळा धरणाऱ्या माणसासारखा वाटतो. त्या दिवशी तसंच एक माणूस आमच्या सोफ्यावर बसलं होतं. माझ्या मीराची सासू, म्हणजे विहीणबाई, माहेरी आलेल्या सुनेला न्यायला गुरुग्रामहून आल्या होत्या, आणि अट एकच होती: मीरानं कॉलेजातली नोकरी सोडायची.

“थोडं ॲडजस्ट करायचं बेटा, बिल्कुल छोटी गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या.

हा शब्द माझा जुना वैरी. मेट्रोच्या बाकावर अंग घुसवणारी बाई तोच उच्चारते, आणि माझ्या लग्नात अक्षतांबरोबर तोच माझ्या डोक्यावर पडला होता. सरकारी कचेरीत अनुवाद करण्यात जन्म गेल्यामुळे शब्दांची पाळंमुळं खणायची मला खोड आहे; ज्याचा राग येतो त्याची तर मी हटकून खणते. ‘ॲडजस्ट’च्या पोटात न्यायाचा ‘जस्ट’ असावा असं वाटतं, पण तो मागाहून, निव्वळ गैरसमजातून चिकटला. मुळात लॅटिनमधलं ‘जुक्स्ता’, म्हणजे अगदी लगत. आणि त्याचं नातं आपल्या संस्कृत ‘युज्’शी, जोडण्याशी. त्याच कुळात योग जन्मला, आणि मानेवरचं जूसुद्धा.

हे सगळं मी विहीणबाईंना तावातावानं ऐकवलं. माझ्या लेकीच्या मानेवर तुम्ही जू ठेवताय, असंही म्हटलं. दिल्लीत वाढलेल्या मीराचा हात चटकन केसांत गेला. तिला हिंदीतली ‘जूँ’ वाटली, म्हणजे ऊ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नांगराला जुंपताना दोन बैलांच्या मानांवर आडवं ठेवतात ते लाकूड, मी खेकसून सांगितलं.

“दोन?” मीरा थबकली. मग सासूकडे वळून, आवाज जराही न चढवता म्हणाली, “अच्छा. मग दुसरा कुठे आहे, मम्मी?”

जावई आले नव्हते. त्यांची मीटिंग होती.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर मला ठाऊक असावं. आम्ही दोघींनी आपापले संसार ओढले होते, आणि हा साधा प्रश्न दोघींपैकी एकीलाही कधी सुचला नव्हता. माझा राग काही गेला नाही. तो कुणावर काढावा, एवढंच कळेना.