रुमालाखालचा भाव

सोनगीरच्या तोतारामने आयुष्यात कशालाही तोंडावर चांगलं म्हटलं नव्हतं. अर्धा दोष त्याच्या धंद्याचा. तो बैलांचा दलाल. घेणाऱ्याच्या बाजूने उभं राहायचं, चारचौघांत बैलाच्या खोडी मोठमोठ्याने सांगायच्या, आणि खरा भाव मात्र रुमालाखाली हात घालून, समोरच्याची बोटं दाबून, न बोलता ठरवायचा, ही त्याच्या बाजाराची रीत. वर तोंडाने बैलाच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला असायचा आणि खाली बोटं खरं काय ते बोलायची. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असायचं, त्यामुळे कुणी रागावत नसे.

पंचाईत अशी की ही सवय तो रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचा. पंगतीत वांग्याच्या भाजीला नावं ठेवायची आणि तीनदा वाढून घ्यायची. नातू झाला तेव्हा लेकीच्या सासरच्यांसमोर तो बोलून गेला, "कान जरा मोठला शेतस." धुळ्याच्या मोबाइलच्या दुकानात तर कहरच झाला. सवयीने त्याने खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि काउंटरवरच्या माणसाची बोटं धरली. त्या बिचाऱ्याने घाबरून मालकाला हाक मारली. हे तोताराम स्वतःच पारावर रंगवून सांगायचा. लोक हसायचे, तोही पोट धरून हसायचा, आणि त्याची बायको पुष्पाबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची. पदराची ही लकब तिला लग्नापासूनची. बाई मर्यादेची आहे, असं तोताराम मनातल्या मनात म्हणायचा. मोठ्याने अर्थातच नाही.

मग ट्रॅक्टर आले, बैलांचा बाजार बसला, आणि तोतारामही ओट्यावर बसला. पुष्पाबाईचे गुडघे धरायला लागले तशी लेक सारिकाने धुळ्याहून टुमणं लावलं, "आबा, इकडंच या आता राहायला." शेताचा एक तुकडा महामार्गात गेला होता, त्याचे पैसे बँकेत पडून होते. आणि सारिकाच्या घरामागेच कुंदाबाईंचं घर विकायला निघालं होतं.

त्या भागात मोठा कारखाना येणार अशी हवा उठली होती तेव्हा घरांचे भाव आभाळाला टेकले होते. कारखाना काही आला नाही. हवा गेली आणि फाटकाफाटकावर 'घर विकणे आहे' अशा पाट्या तेवढ्या राहिल्या. पडता बाजार म्हटल्यावर तोतारामच्या अंगात तरुणपणीचं रक्त सळसळलं.

पुष्पाबाईने ते घर सारिकाबरोबर आधीच पाहून घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारिकाची गच्ची दिसायची, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही न मागणारी ती बाई घरी आल्यावर म्हणाली, "ते घर माले आवडनं."

तोतारामने कपाळाला हात लावला. "माले सांगं ते ठीक. तठे तोंडमातून शबद काढू नको. आवडनं असं दिसनं का भाव गया!"

कुंदाबाई निवृत्त शिक्षिका. यजमान वारलेले, मुलगा ललित पुण्याला नोकरीत. एकटीला हे घर झेपत नाही म्हणून त्या मुलाकडे निघालेल्या. त्यांनी बत्तीस लाख सांगितले. तोतारामने रुमाल खांद्यावर नीट केला आणि बैलाभोवती फिरावं तसा घरभर फिरला.

"ही भिंत ओल धरते, बाई."

"कुठं? कोरडी तर आहे."

"आज दिसणार नाही. पावसाळ्यात बघा."

स्वयंपाकघर अंधारं निघालं. जिना छाती फोडणारा निघाला. शेजारच्या निंबाचा पाला इतका पडतो म्हणे की झाडून झाडून कंबर जाईल. पुष्पाबाई खिडकीपाशी तोंड मिटून उभी होती आणि एकेक खोड ऐकत होती. तोतारामला आता चांगलाच रंग चढला होता. सौदा रंगात आला की त्याच्या जिभेला लगाम राहत नसे. तो म्हणाला, "खरं सांगू का? या घराचा पायगुणच बरा दिसत नाही. येणारा कारखाना माघारी गेला!"

कुंदाबाईंनी भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे पाहिलं. फोटोला हार होता. तोतारामला तो तेव्हा कुठे दिसला. त्याला चरकल्यासारखं झालं, पण हात सवयीने पुढे गेला होता, त्यावर रुमालही पडला होता.

"भाऊ, हाताला काही लागलं आहे का?" कुंदाबाईंनी काळजीने विचारलं.

हात मागे घ्यावा लागला. आणि जन्मात पहिल्यांदा तोतारामला भाव तोंडाने सांगावा लागला. "बावीस," तो म्हणाला. रुमालाखाली कितीही कमी भाव सांगितला तरी लाज वाटत नाही. बोटांना कुठे तोंड असतं? पण तो 'बावीस' त्या स्वच्छ झाडलेल्या खोलीत असा काही ऐकू आला की तो झाकायला कुणीतरी खाकरावं असं त्याला स्वतःलाच वाटलं. कुंदाबाई म्हणाल्या, "ललितशी बोलून कळवते."

आठवड्याने त्यांचा फोन आला. "चोवीसला घेऊन टाका, भाऊ. इतकी वर्षं राहिले, मला या घरात वाईट काही दिसलं नव्हतं. तुम्ही गेल्यापासून मात्र ती भिंत मला ओलीच वाटते आहे."

या शेवटच्या वाक्याशी तोतारामने जरा थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. बत्तीसचं चोवीसला! अख्खा बाजार जिंकल्यासारखा तो स्वयंपाकघरात गेला. पुष्पाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "माले तठे राहानं नही."

"काबरं?"

"भिंत ओल धरस. सयपाकघरमा अंधार शे. पायगुण वाईट शे. तुम्हीनच सांगं ना."

तोताराम हसायलाच लागला. "येडी का काय तू! ते भाव पाडाकरता सांगं."

"मंग खरं कोणतं नि भाव पाडाकरता कोणतं, हाई माले कसं समजी?" तिने भाकरी उलटली. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "माले देखाले उनात तवय तुम्हीन सांगं व्हतं, पोरना दात पुढे शेतस. तेबी भाव पाडाकरता व्हतं का?"

तोतारामचं हसू जागच्या जागी थिजलं. कापडण्याची, तिच्या माहेरची ओसरी, पाटावर मान खाली घालून बसलेली मुलगी, दोन्हीकडची वडीलधारी माणसं. तो नुकताच दलालीत शिरलेला, सोबत आलेल्या मामासमोर आपली हुशारी दाखवायची खुमखुमी. मुलगी त्याला दारातून आत येतानाच पसंत पडली होती. म्हणून तर खोड काढली! सासऱ्याने त्या एका वाक्यापायी एक सायकल जास्तीची दिली होती. सायकल केव्हाच भंगारात गेली, आणि पदर अजून तोंडावर होता. मर्यादा कसली नि काय कसलं! बैलाचे दात बघून वय सांगणाऱ्या या दलालाला घरातल्या बाईचं हसू चाळीस वर्षं झाकलेलं का आहे, हे कळलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून शरम वाटली.

त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, पुष्पाबाईच्या पिठाने माखलेल्या हातावर टाकला आणि खालून तिची पाचही बोटं धरून दाबली.

पुष्पाबाई रुमालाकडे बघत राहिली. "पाच काय? पाच रुपया का पाच लाख?"

इथेही रुमाल कामाचा नव्हता. तोतारामने घसा साफ केला. "तुना दात चांगला शेतस," तो मोठ्याने म्हणाला. "तवयबी व्हतात."

तव्यावरची भाकरी करपली. पुष्पाबाईने ती बाजूला काढली, डोळ्यांत धूर गेल्यासारखे डोळे पुसले आणि म्हणाली, "आते त्या बाईलेबी खरं सांगा. तिना घरनं."

दुसऱ्या दिवशी दोघं कुंदाबाईंकडे गेली. चहा आला. तोताराम उठला आणि भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. खोडी कशा भराभर सुचायच्या. स्तुतीला शब्दच सापडेनात. "ही भिंत... चांगली आहे. सरळ आहे." कुंदाबाई संशयाने बघायला लागल्या. "कोरडी पण आहे. स्वयंपाकघरात उजेड आहे. निंबाची सावली आहे. आणि बाई, पायगुणाचं बोललो तेव्हा माझी जीभ झडायला हवी होती. चुकलो मी."

कुंदाबाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग शाळेतला आवाज काढून त्यांनी विचारलं, "इतकं चांगलं घर मग मी चोवीसला कशाला देऊ, भाऊ?"

तोतारामचा आ वासला. आणि पुष्पाबाई हसली. खदखदून, मागे रेलून हसली. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी. पदर घ्यायला हातच मोकळा नव्हता.

तोतारामने पाहिलं. दात जरासे पुढे होतेच, आणि त्या हसण्याला ते तसेच हवे होते.

"सव्वीस," तो कुंदाबाईंना म्हणाला. पण बघत होता पुष्पाबाईकडे.