डॉक्टरबाईंच्या गाडीचा रिले

खोपटला एसटी डेपोच्या मागे माझं गॅरेज होतं. हात जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांवर बसलेला. सेन्सरवाल्या गाड्या नव्वदनंतर येऊ लागल्या, तेव्हा मी त्या अंदाजानेच दुरुस्त करायचो. कबूल मात्र कुणाजवळ केलं नाही.

कल्याणच्या एका बाळंतपणाच्या डॉक्टरबाई त्यांची जुनी इंपोर्टेड गाडी घेऊन आल्या. गाडी दुपारी चालता चालता बंद पडायची, अर्ध्या तासाने आपोआप सुरू व्हायची. मी इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर बदलला. सकाळी एक चक्कर मारली, गाडी छान पळाली. म्हटलं, "मॅडम, आता काळजी नाही."

आठवड्याने त्यांच्या यजमानांचा फोन आला. शीळफाट्यावर भर रस्त्यात गाडी बंद पडलेली आणि मागून टेम्पो आदळलेला. बाईंचं उजवं मनगट मोडलं होतं.

मी तिथे पोचलो तर गाडी कडेला उभी. किल्ली फिरवली, एका झटक्यात सुरू! इंजिन चालू ठेवून उन्हात बसून राहिलो. पाऊण तासाने ते मेलं. परत किल्ली फिरवली आणि कान दिला. मागच्या सीटखाली पेट्रोलच्या पंपाची घरघर यायला हवी होती. आलीच नाही. पंपाला करंट देणारा रिले उपसला, तर हाताला चटका बसला. त्याच्या जागी वायरचा तुकडा जोडला आणि पंप लगेच बोलला. रिलेचं झाकण उघडलं. आत सोल्डरच्या जोडाला केसाएवढी चीर होती. तापलं की ती फाकायची, निवलं की मिटायची.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये.

"मॅडम, सेन्सर चांगलाच होता. मला कळलं नव्हतं, तरी बदलला."

त्या म्हणाल्या, "कळलं नाही, एवढं तेव्हा सांगितलं असतंत तर मी रिक्षाने गेले असते."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी नवा रिले बसवला, मागचा पत्रा सरळ करून दिला. यजमानांनी गाडी विकून टाकली. मनगट जुळलं, पण बोटांत पूर्वीची ताकद आली नाही. बाईंनी ऑपरेशनं सोडली, फक्त तपासायच्या. हे मला त्यांच्या कंपाउंडरकडून कळलं. त्यानंतर त्यांच्या दवाखान्यावरून कितीदा गेलो, आत जायचं धाडस झालं नाही.