हे झाकलं तर काय बिघडतं?

कागद कुणाचाही असो, समोर आला की हे गृहस्थ आधी वाचत नसत. उजवा तळहात त्याच्यावर आडवा ठेवत, अर्धा मजकूर झाकत आणि विचारत, "हे झाकलं तर काय बिघडतं?" तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात अंबाजोगाईत दुकान थाटलं असेल, त्यांनी तो हात पाहिला असेल. गोरा, मऊ, कधी पाना-पक्कड न धरलेला. मला त्या हाताचा भारी राग यायचा.

मूळचे पुण्याचे. तिथं एका कंपनीत मार्केटिंगचं काम करत. बायकोला इथल्या मेडिकल कॉलेजात नोकरी लागली म्हणून आले आणि बसस्टँडसमोर, जिना चढून एक खोली घेऊन, व्यापाऱ्यांना सल्ला देऊ लागले. सल्ला ही विकायची वस्तू आहे हेच आमच्या गावाला नवीन होतं. खोलीत एक कॉम्प्युटर आणि दोन खुर्च्या. भिंतीवर काही नाही. कॅलेंडरसुद्धा नाही.

कॉम्प्युटर तेव्हा नुकतेच आले होते. गावातली पोरं एकाच पत्रिकेत अक्षरांची सात-आठ वळणं, सावल्या, वेलबुट्ट्या भरत. ते बघून यांचं डोकं उठायचं. "यंत्रात मिळतं म्हणून वापरायचं? घरात जेवढी भांडी आहेत, तेवढ्या सगळ्यांत रोज स्वयंपाक करता का?" एकदा म्हणाले, "हे यंत्र घरोघरी येईल, शेठ. जो तो बोलत सुटेल. ऐकणारं माणूस मात्र शोधावं लागेल." मी हसलो होतो. आता सकाळी फोन उघडला की हसू येत नाही.

मी आठवडी बाजारात पोतं अंथरून नटबोल्ट आणि वायसर विकत वर आलेला माणूस. पाण्याच्या मोटारींचं स्वतःचं दुकान उघडायचं ठरलं तेव्हा पत्रक करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो. उद्घाटनाला मालक येणार होते. मालक म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार. ते ज्या दुकानातून मोटार घेत, तिथूनच आसपासची गावं घेत. ते आले तर दुकान उभं राहणार, नाही आले तर मी परत पोत्यावर. इतकं ते सरळ होतं.

मी मजकूर लिहूनच नेला होता. वर श्री वैजनाथ प्रसन्न, मध्ये मालकांचा फोटो, खाली अकरा शुभेच्छुक, हुद्द्यांसकट. हात आडवा पडला. "ही नावं झाकली तर काय बिघडतं?"

भाव पाडण्यात माझा जन्म गेला. अकरावरून सातावर आलो, सातावरून तिनावर, शेवटी म्हणालो, एकट्या मालकांचं ठेवा. ते एकावरही येईनात. म्हणाले, ज्याची मोटार बंद पडली तो नावं वाचत नाही, त्याला फक्त ती कधी चालू होईल ते हवं असतं. बोलता बोलता हात वर सरकला. वैजनाथावर पडणार, तेवढ्यात मी मनगट धरलं.

"तिथं न्हाई, साहेब."

त्यांनी हात मागे घेतला. एवढा एकच सौदा मी जिंकलो आणि त्या आनंदात बाकी सगळं सोडून दिलं.

पत्रकावर देवाचं नाव, एका मोटारीचं चित्र आणि पुढं, "बंद पडली? आणा. त्याच दिवशी चालू." खाली पत्ता आणि उद्घाटनाचा दिवस. देखणं होतं, हे मी आजही नाकारत नाही. मालकांना मी वाड्यावर जाऊन नारळ देऊन बोलावलं होतं. पण तोंडी बोलावण्याला आपल्याकडे कोण धरतं? छापलेलं नाव हेच खरं बोलावणं. आदल्या दिवशी त्यांचा माणूस आला, पत्रक माझ्या गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाला, "मालक इचारतेत, कागदावर आमी न्हाई, मग मांडवात कशाला?"

मी सल्लागारांचा जिना चढलो तो ओरडतच. "कावून झाकलं रे नाव? तुझ्या त्या हातापायी माझं दुकान बुडालं."

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "उद्या बघू, शेठ."

"तुला बघायला काय जातंय?"



दुसऱ्या दिवशी मांडव होता, भाड्याच्या खुर्च्या होत्या, पेढे होते, दारात लाल फीत होती. माणूस नव्हता. शुभेच्छुकांपैकी एकही फिरकला नाही. हे गृहस्थ तेवढे कडक इस्त्रीत मागच्या रांगेत एकटे बसलेले. मालकांची जीप आली, दुकानासमोर हळू झाली. मी हात जोडून पुढे धावलो. आतून कुणीतरी खुर्च्यांवर नजर फिरवली आणि जीप निघून गेली. मी वळलो तो सरळ मागच्या रांगेतल्या या गृहस्थांच्या अंगावर. त्या क्षणी काय केलं असतं, माझं मलाच माहीत नाही.

तेवढ्यात मांडवाला टेकून एक टेम्पो थांबला. केजकडच्या खेड्यातला शेतकरी उतरला, हातात आमचं पत्रक, मागं मोटार. "आजच चालू करून देता म्हनं?"

मी म्हणालो, आज उद्घाटन आहे, उद्या या.

"कागदावर तर तसं लिव्हलं न्हाई," तो म्हणाला. "ऊस वाळायलाय."

सल्लागार खुर्चीवरून उठले आणि टेम्पोतल्या मोटारीचं एक टोक त्यांनी धरलं. दुसरं मी धरलं. फीत कापायला हात रिकामा नव्हता. ती मोटारीनंच तोडली. झालं उद्घाटन.

बेअरिंग जाम झालं होतं. मी नव्या पांढऱ्या शर्टातच मोटार खोलली. ते शेजारी फरशीवर बसले, तळहात पुढे करून. मी काढत गेलो ते नट, स्क्रू, वायसर एकेक त्या हातावर ठेवत गेलो. वीज गेली होती, ती दुपार कलल्यावर आली. मोटार घुमली तेव्हा त्यांचा हात मनगटापर्यंत काळा झाला होता. पेढे शेतकऱ्यानं आणि टेम्पोवाल्यानं खाल्ले.

दुकान चाललं. पण मालकांची गावं गेली ती गेलीच. समोरच्या दुकानावर त्यांच्याच जिवावर माडी चढली. ती मला रोज शटर उघडताना दिसते. भेट झाली की मी सल्लागारांना ऐकवायचो, एक नाव ठेवलं असतं तर दोन्ही मिळालं असतं.

"मिळालं असतं," ते म्हणायचे. "फक्त तो टेम्पो मालकांचं भाषण संपेपर्यंत बाहेर उभा राहिला असता."

चुकलं, असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत. मला तेवढंच ऐकायचं होतं.

मग त्यांच्या बायकोची बदली झाली. मला ते जिन्याखालच्या पानवाल्याकडून कळलं. तसाच वर गेलो. दाराला कुलूप, त्यावर पांढरा कागद, कागदाच्या मधोमध एकच शब्द. "गेलो."

गाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. भांडण अर्धवट टाकून माणूस जातो, आणि जाताना एक ओळ जास्त लिहायला याचा जीव गेला असता? मी तिथं उभ्या उभ्या शिवी दिली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तळहात उचलला आणि त्या शब्दावर आडवा ठेवला. उरला नुसता कोरा कागद आणि दार. आतून आता कडी वाजेल असं वाटलं.

हात काढायला मला बराच वेळ लागला.